बदलापूरच्या प्रदर्शनातली तिसरी हाक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही काय प्रवासवर्णन लिहायची ठिकाणं आहेत का, असं आमच्या सांगलीच्या भिशीतल्या बायकांनी मला तोंडावर विचारलं. त्यांचंही चूक नाही. आमच्याकडची माणसं हौसेने जातात ती अष्टविनायकाला, नाहीतर केरळला. कल्याणच्या बाजूला जायचं ते फक्त कुणाच्या बारशाला किंवा बाराव्याला. मी मात्र आषाढाच्या शेवटी, काही कारण नसताना, थोरल्या बहिणीकडे जाऊन आले. तीन दिवस राहिले. खाल्लं भरपूर, भिजले त्याहून जास्त, आणि एक चप्पल तिथल्या चिखलाला अर्पण केली. बाकी जे घडलं ते अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

शुक्रवार, उल्हासनगर

ताई मला न्यायला आली आणि घरी न नेता थेट उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात घेऊन गेली. तिला पडद्यांचं कापड घ्यायचं होतं. आमच्या सांगलीत दुकानदार गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघेल तर शपथ. इथे दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत "आओ ताई, या या, बसा" सुरू झालं. दुकानाचे सिंधी शेठ ताईला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी आधी चहा मागवला, मग दालपकवान मागवलं, आणि कापड दाखवायचं जवळजवळ विसरूनच गेले. पकवान म्हणजे तळहाताएवढी कुरकुरीत, तळलेली पुरी. वर हरभऱ्याची डाळ, कांदा, आंबटगोड चटणी. ते पातळ कापडावर न सांडता खाणं हे एक कसबच आहे. मी सांडलं. शेठ म्हणाले, "कोई बात नहीं, वो वाला पीस वैसे भी डिफेक्ट का है."

खाता खाता ताईने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला, तोही बंद झाला. मला काळजी वाटायला लागली, पण ताई निवांत डाळ खात होती. शेठच मला म्हणाले, "अम्मा को तीन बार लगाना पडता है." आणि खरंच, तिसऱ्यांदा लावल्यावर पहिल्या रिंगला फोन उचलला गेला.

ही अम्मा म्हणजे ताईच्या सासूबाई. घरात, आळीत, दुकानात सगळे त्यांना 'बय' म्हणतात.

शुक्रवार संध्याकाळ, अंबरनाथ

ताईचं घर अंबरनाथला बुवापाड्यात आहे. चार माणसांचं घर: ताई, कारखान्यातून नुकते निवृत्त झालेले दाजी, नोकरीला लागलेली त्यांची मुलगी पल्लवी, आणि बय. दाजींना गप्प बसण्याचा आजार कधीच झालेला नाही. मला बघताच म्हणाले, "या मेहुणीबाई! सांगलीत पाऊस संपला वाटतं, म्हणून इथला न्यायला आलात."

बय मात्र खिडकीपाशी बसून होती. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा हीच बाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून जिना धूत होती. आता मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ताईने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं की पाऊस लागला की ती दरवर्षी जेवण कमी करते, पण यंदा जवळजवळ सोडलंच आहे. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. "खिडकीशी बसते आणि कान देते," ताई म्हणाली. "कशाला, ते विचारलं तर सांगत नाही. मला भीती वाटते गं, हा पावसाळा काढते की नाही."

म्हणून दाजींनी बेत केला होता. बदलापूरच्या पुढे कृषी प्रदर्शन लागलं होतं. बय शेतकऱ्याची लेक; भाताचा वास घेतला, चार गुरं बघितली, तर कदाचित तरतरी येईल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

रात्रीचं जेवण तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि सुकटाची चटणी. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीचा आवाज येतो, इथली भाकरी रुमालासारखी घडी होते. मी दोन खाल्ल्या, बयने चतकोर चिवडली. ताईने पाणी विचारायला आतून हाक मारली ती एका दमात, "बय, बय, बय!"

मी हसले. मग मला सगळा प्रकार कळला. बयच्या गावाकडची रीत अशी की हाक मारणाऱ्याचं तोंड दिसत नसेल तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून फोनलाही तोच नियम. एकदा दवाखान्यात नर्सने पडद्याआडून दोनदा नाव पुकारलं, बय बाकावर बसूनच राहिली आणि नंबर गेला.

"बय, पण दोनच हाका मारणारा असतो तरी कोण?" मी विचारलं.

"बाहेरचं असतं, पोरी. त्याला दोनच येतात."

"आणि शिकलं आणि तिसरी मारली तर?"

"त्याला तिसरी येत नाय," बय म्हणाली. कोंबडीला दात नसतात हे सांगावं, इतक्या साधेपणाने म्हणाली. दाजींनी मला डोळा मारला. मीही मनात म्हटलं, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. आमची आजी तिन्हीसांजेला केस विंचरू देत नसे, ही हाकेला ओ देत नाही.

शनिवार, बदलापूर

सकाळपासून पावसाने ताल सोडला नव्हता. दाजींनी शेजाऱ्यांची इको गाडी मागून आणली होती. बदलापूर मागे पडलं तशा इमारती विरळ झाल्या आणि भाताची खाचरं सुरू झाली. समोर चंदेरीचा डोंगर असतो असं पल्लवी म्हणाली. असेल. मला पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसलं नाही. ढग इतके खाली आले होते की विजेच्या तारा त्यांच्यात शिरून दिसेनाशा होत होत्या. पुढे धरणाकडे जायचा फाटा लागतो. त्या फाट्याच्या अलीकडे, खाचरांना लागून, मंडप होता.

आता आम्ही सांगलीकर म्हणजे कृषी प्रदर्शनांचे जुने पाहुणे. आमच्याकडे ऊस, हळद, द्राक्षं, आणि कपाळावर धूळ. इथे सगळं उलटं होतं. ट्रॅक्टर चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखलात उभे. फवारणीच्या ड्रोनला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली. म्हशींच्या पाठीवर निळे कागद टाकलेले, आणि त्याखालून त्या आपल्याकडे बघत होत्या. फोटो काढण्यासाठी फायबरची बैलजोडी आणि शेतकरी उभा केला होता. त्याच्या मुंडाशातून पाणी ओघळून तो सारखा रडतोय असं वाटत होतं. पल्लवी म्हणाली, "मावशी, ये क्या हॉरर है, चल इथून."

मी चालले, पण माझी डावी चप्पल चालली नाही. चिखलाने ती गिळली. दाजींनी छत्रीच्या दांड्याने पुष्कळ ढवळलं, शेवटी म्हणाले, "पेरली असं समजा, पुढच्या साली जोड येईल." बी-बियाणांच्या स्टॉलवरच्या एका भल्या माणसाने मला त्याचे जुने गमबूट दिले, आणि मी दिवसभर पायांत दोन बादल्या घातल्यासारखी फिरले.

गर्दी कमी होती, पण पावसामुळे जी होती ती सगळी मंडपात कोंबलेली. लाउडस्पीकरवर एकजण अखंड बोलत होता. पांढरी गाडी गेटमधून हलवा. पिवळ्या रेनकोटातल्या आर्यनने आईकडे यावे. सेंद्रिय गुळाचा चहा दोन नंबरला मिळेल. आर्यनला तर त्याने पाच-सहा वेळा पुकारलं असेल.

बय आधी नुसती आमच्याबरोबर ओढली जात होती. ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या तिथे मात्र ती थांबली. करटोली हातात घेऊन बघितली, एका बाईशी काहीतरी बोलली, हसलीसुद्धा. ताईने माझा हात दाबला. मग आम्ही जुन्या भातांच्या टेबलापाशी आलो. तालुक्यातल्या जुन्या जातींच्या लोंब्यांच्या पेंढ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढे एकेक सूप. दाजी आणि पल्लवी गुळाचा चहा आणायला गेले, ताई लोणच्याच्या स्टॉलवर अडकली. मी आणि बयच उरलो.

टेबलाच्या टोकाला एक पेंढी होती, काळ्या तुसाची. पुढचं सूपही काळ्या भाताने भरलेलं. बयने त्यात हात घातला आणि तसाच ठेवला. मग एक दाणा दातांनी सोलून चावला.

"हा आमचा हाय," ती म्हणाली.

"तुमच्या गावचा?"

"आमच्या गावात व्हता फक्त. धरणात गाव बुडालं. ह्यो बी बुडाला."

टेबलापाशी बसलेल्या मुलीला मी विचारलं, हा कुठून आला. ती म्हणाली, "माहीत नाही काकू. सकाळी आले तेव्हा इथे ठेवलेला होता. मालक येईल म्हणून नाव नाही लावलं." बयचा हात अजून सुपातच होता.

तेवढ्यात स्पीकरवरचा माणूस म्हणाला, "चांगुणा रामा, कोंडेपाडा. जिथे असाल तिथून बाहेर या. तुमचा भाऊ वाट बघतोय."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आर्यनसारखंच कुणीतरी हरवलेलं. पण सुपातले दाणे हलायला लागले. बयने त्यात मूठ आवळली होती. थोड्या वेळाने पुन्हा तेच: "चांगुणा रामा, कोंडेपाडा. भाऊ वाट बघतोय." आणि वाक्य संपता संपता दिवे गेले, स्पीकर गेला, पंखे गेले. मंडपाच्या ताडपत्रीवर पाऊस आधीपासून पडतच होता, पण तो किती मोठा आहे हे आता ऐकू आलं. भर दुपारी काळोख झाला. लोक नेहमीप्रमाणे एकदा ओरडले आणि मग गप्प झाले.

बयने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"माजं नाव हाय त्ये," ती म्हणाली.

"बय, तुमचं नाव भागीरथी ना?"

"त्ये सासरचं."

बायकांना हे समजावून सांगायला नको. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि जुनं नाव त्या ताटाबरोबर आत जातं. बयचं जुनं नाव ठाऊक असलेलं माणूस तिच्या घरातसुद्धा नव्हतं. गावच पाण्याखाली गेलेलं, तर हाक मारणार कोण?

मी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, तिला बसवलं, आणि तिथे त्या अंधारात बयने मला ते सांगितलं जे ताईला एवढ्या वर्षांत सांगितलं नव्हतं. परक्या माणसाला कधी कधी सांगवतं.

"माजा भाव नामा. माज्या पाठचा. गाव उठवला त्या दिशी मी माहेरीच व्हते, ह्यो तुजा दाजी कडंवर. असाच पाऊस. समदी वढा वलांडून अलीकडं आलो. नामा बोलला, माळ्यावर बियाणं ऱ्हायलं, घेऊन येतो. गेला. मंग धुकं आलं. पलीकडून हाक आली, चांगुणे. मी ओ देनार, तर आय बोलली, थांब, तोंड दिसत नाय, तिसरी येऊ दे. पुना आली, चांगुणे. मी तिसरीची वाट बगीत ऱ्हायले."

"मग?"

"नाय आली."

नामाही आला नाही. कुणी म्हणालं त्याला भिवंडीत पाहिला, कुणी म्हणालं सुरतेला. घरच्यांनी शेवटी त्याच्या नावाने पिंड ठेवला. बय त्या दिवशी गेली नव्हती.

"आय बोलली, दोनच हाका आल्या, म्हंजे तो नामा नव्हता, बाहेरचं व्हतं. मी बी तसंच धरून चालले. पन पोरी, तोच असला तर? दोन हाका मारून दमला असला तर?" तिने माझ्याकडे बघितलं. "मंग मीच त्याला सोडला की."

म्हणजे हे असं होतं. आम्ही सगळे ज्या रीतीला हसत होतो, ती रीत खरी ठरावी म्हणून ही बाई आयुष्यभर सगळ्या जगाला तीन तीन हाका मारायला लावत होती. आणि दर पावसाळ्यात खिडकीशी बसून तिसरीला कान देत होती. रडू नको म्हणून मी तिला सांगितलं आणि स्वतःच नाक पुसलं.

लोणच्याच्या स्टॉलवरून परतलेल्या ताईला तिच्यापाशी बसवून मी बादल्या वाजवत मंचाकडे गेले. माइकवाला तरुण मेलेला माइक टॉवेलने पुसत होता. मी विचारलं, चांगुणा रामा हे नाव कुणी दिलं?

"मॅडम, सकाळपासून शंभर नावं झाली असतील."

"आत्ताचं शेवटचं. भाऊ वाट बघतोय म्हणालात."

त्याने आठवून बघितलं. "मागून कुणीतरी सांगितलं. इथे सगळे मागूनच येतात, कानात सांगतात, मी बोलतो. मान वळवायला टाइम कुठे आहे? थंड हात होता पण, खांद्यावर ठेवलेला. पावसातून आला असणार." त्याने खांद्याला हात लावून बघितला. शर्ट तिथे ओला होता. पण त्या मंडपात कोरडं होतं तरी कोण?

"अजून एकदा पुकाराल का? एकदाच."

"लाईट आल्यावर. जनरेटरमध्ये पाणी गेलंय."

मी गेटपर्यंत जाऊन बघितलं. बाहेर वाट बघणारा कुणी म्हातारा नव्हता. खाचरं, पाऊस आणि पांढरी भिंत.

परत येताना चहावाल्यापाशी दाजी आणि पल्लवी भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं माहेरचं नाव दाजींनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग मीच म्हटलं, दाजी, तिसरी हाक तुम्ही मारा. गुरांच्या मंडपामागे जा आणि मोठ्याने हाक मारा, 'चांगुणे'. पावसात आवाज ओळखू येणार नाही. ती ओ देईल आणि मोकळी होईल. नाहीतर ही बाई आज इथून निघेल ती सरळ खिडकीत जाऊन बसेल, आणि मग उठायची नाही.

"बरोबर आहे का ते?" पल्लवीने विचारलं.

"बरोबर नसेल," मी म्हटलं. "पण माझ्याकडे दुसरं औषध नाही."

दाजी छत्री न उघडताच निघाले. पल्लवी त्यांच्या मागे गेली.

मी येऊन बयशेजारी बसले. ताईला खुणेने गप्प राहायला सांगितलं. बय मंडपाच्या उघड्या बाजूकडे तोंड करून बसली होती, समोर लांबवर खाचरं. मांडीवर मूठ मिटलेली, मुठीत काळं भात. गुरांचा मंडप आमच्या पाठीमागे होता. मी मनातून दाजींना घाई करत होते. वेळ लागला. पाऊस एकदम मंदावला, आणि त्या पडत्या पावसात हाक आली.

"चांगुणेऽऽ!"

खणखणीत, लांब ओढलेली, ओढ्यापलीकडच्या माणसाला मारावी तशी. टेबलापाशीच्या मुलीनेही मान वर केली. आवाज समोरून, खाचरांच्या बाजूने आला होता. मी मनात म्हटलं, शाबास दाजी, हुशारीने वळसा घालून गेलात.

बय उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ती ओरडली, "ओऽऽ!" तो म्हातारीचा आवाज नव्हता. ताईने दचकून माझा दंड धरला.

"हितं हाय मी!" बय खाचरांकडे बघून म्हणाली. "बरी हाय! लय उशीर केलास रे." मग हळूच, समोरच्याशी बोलावं तसं, "जा आता. भिजू नको."

ती किती वेळ तशीच उभी होती कुणास ठाऊक. धुक्यात काही हललं असं ताई म्हणते. मला तसं काही दिसलं नाही. दिवे आले, पंखे फिरले, आणि स्पीकरने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे पांढरी गाडी अजून हललेली नाही.

दाजी आणि पल्लवी भिजून चिंब होऊन आले. दाजींचे डोळे लाल होते. मी त्यांच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली. त्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, गहिवरले.

गाडीत बय म्हणाली, "भूक लागली." बदलापूरला गाडी थांबवून तिला वडापाव दिला. तिने दोन खाल्ले आणि माझ्यातला अर्धा. घरी आल्यावर ताईने सवयीने आतून हाक मारली, "बय, ब..."

"ओ," बय म्हणाली.

पहिल्याच हाकेला. ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मग आम्ही दोघी हसलो, आणि थोड्या वेळाने हसू थांबलं तेव्हा एकमेकींकडे बघितलं नाही.

रविवार, कल्याण

सकाळी बयने तेलाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडली, माती भरली, आणि मुठीतून आणलेलं काळं भात त्यात पेरलं. मला वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. निघताना मी पाया पडले तेव्हा तिने माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

कल्याणला गाडीत बसवायला दाजी आणि पल्लवी आले होते. गाडीला वेळ होता. मी दाजींना म्हटलं, "काही म्हणा, काल आवाज मात्र फर्मास लावलात. मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं."

दाजींनी हातातला चहाचा कागदी कप चुरगाळला.

"शैला, मी हाक मारली नाही."

"म्हणजे?"

"गेलो होतो. गुरांच्या मंडपामागे उभा राहिलो, तोंड उघडलं. पण आईला नावाने कशी हाक मारू? 'चांगुणे' म्हणून? ट्राय केलं गं. शप्पथ. जीभच उचलली नाही."

मी पल्लवीकडे बघितलं.

"पप्पा रडत होते, मावशी," ती म्हणाली. "मी म्हटलं मी मारते, तर म्हणाले तूही नको, आजी आहे ती. मग आवाज आला. आम्ही दोघांनी ऐकला. वो हमारी साइड से नहीं आया."

"माझ्या मनात आलं, तू कुणाला तरी तयार केलंस," दाजी म्हणाले.

मी कुणालाच तयार केलं नव्हतं. बयला यातलं काही सांगायचं का, असं पल्लवीने विचारलं. सांगणार काय? आम्ही तिला फसवायला निघालो होतो, आणि तिची फसवणूक झालीच नव्हती. ती तिचा भाऊ ओळखून होती. न ओळखणारे आम्हीच होतो.

गाडी आली. मी पिशव्या उचलल्या आणि डब्याची पायरी चढले. मागून हाक आली, "शैला!"

दाजींचाच आवाज होता. पण गर्दी होती, आणि मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पुन्हा आली, "शैला!" मी दांडा घट्ट धरून पाठमोरी तशीच उभी राहिले. मागची बाई म्हणत होती, चढा ना हो, चढा की.

"अगं शैला, भाकऱ्या राहिल्या!"

तेव्हा मी वळले.